भालेराव सरांचा समुद्र

चांगदेव भालेराव सरांनी ते वाक्य उच्चारलं तेव्हा त्यांच्या तोंडात बटाटेवडा होता. वडा नसता तर वाक्य वेगळं झालं असतं, असं त्यांनी पुढे बऱ्याच जणांना सांगून पाहिलं. कुणी ऐकून घेतलं नाही.

झालं असं की, नारायणगावच्या ज्या हायस्कुलात सरांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, तिथे नवा भूगोल कक्ष तयार होत होता. मुख्याध्यापिका तेजस्विनी मॅडम या सरांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी सल्ला घ्यायला सरांना बोलावलं, वडे मागवले आणि समोरच्या मोठ्या भिंतीकडे बोट दाखवलं. "इथे एक भला मोठा फोटो लावायचाय, सर." मग त्यांनी मोबाइलवर नमुना दाखवला. सूर्योदयाची वेळ, समुद्र, आणि लाटा अशा की पाणी नव्हेच, पिंजलेला कापूस. "कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवतात म्हणे, त्याने असं दिसतं. पण हा नेटवरचा. असा उचलून लावला तर कुणीतरी केस करायचं."

"त्यात काय," सर म्हणाले, "मी काढून देतो."

माजी विद्यार्थ्यांचा एक तोटा असा असतो की ते तुमच्यावर अजूनही विश्वास ठेवतात. सरांनी वडा गिळून 'म्हणजे प्रयत्न करायला हरकत नाही' असं म्हणायच्या आत तेजस्विनी मॅडमनी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकून दिलं, 'आदरणीय भालेराव सर स्वतः काढलेला समुद्रावरील सूर्योदयाचा फोटो शाळेला भेट देणार.' सर वारूळवाडीला घरी पोचेपर्यंत खाली दोनशे चौदा अंगठे उमटले होते. दोनशे चौदा अंगठ्यांपुढे माणूस माघार कशी घेणार?

कॅमेरा घरात होता. मुलगी वैजयंती पुण्याला नोकरीला लागली तेव्हा तिने हौसेने घेतलेला आणि सहा महिन्यांत कंटाळून आईबापांकडे ठेवून दिलेला. ट्रायपॉडही होता. त्याच्यावर सध्या उज्ज्वलाबाईंचे पापड वाळत असत. उज्ज्वलाबाई म्हणजे सरांच्या पत्नी, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. शंभर पोरांना एका आवाजात झोपवणारी बाई.

सरांनी चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून विद्या मिळवली. तिचं सार असं की भिंगापुढे काळी काच लावायची म्हणजे उजेड कमी शिरतो, मग कॅमेऱ्याचा डोळा दोन-दोन मिनिटं उघडा ठेवता येतो, आणि तेवढ्या वेळात जे हलतं त्याचा धूर होतो, जे स्थिर राहतं ते तसंच उमटतं.

काळी काच नव्हती. इथे शेजारच्या पोपटरावांचा प्रवेश झाला. पोपटराव एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी व्हॅन घेतली आणि सल्ले द्यायला सुरुवात केली.

"काळी काच व्हय? आवो सर, वेल्डिंगवाल्याकडं असती की. सूर्याकडं बघितलं तरी डोळा जात नाय."

सरांनी वेल्डिंगची काच रबरबँडने भिंगाला बांधली आणि सरावासाठी परसात उज्ज्वलाबाईंना बादलीने पाणी ओतायला लावलं. फोटो निघाला तो संपूर्ण हिरवा. पोपटरावांचं घर शेवाळलेल्या विहिरीच्या तळाशी बांधल्यासारखं दिसत होतं. मग पुण्याहून रीतसर काच मागवली. पुन्हा बादली, पुन्हा उज्ज्वलाबाई, आणि या वेळी पाणी खरोखरच कापसासारखं आलं.

उज्ज्वलाबाईंनी फोटो निरखला. "यात मी कुठंय?"

"तू हलत होतीस ना. हलणारं माणूस यात दिसत नाही. शास्त्रच आहे ते."

"तेहतीस वर्षं या घरात हलतेच आहे मी," उज्ज्वलाबाई बादली उचलत म्हणाल्या. "आत्ता कळलं का दिसत नव्हते ते."

सरांनी हा मुद्दा तांत्रिक नसल्याने सोडून दिला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोपटरावांच्या व्हॅनमधून तिघं कोकणात उतरली. सरांनी ओहोटीच्या वेळा वहीत उतरवल्या होत्या. हवामान पाहिलं होतं. लाटांची उंची, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, सगळं. निघताना उज्ज्वलाबाईंनी विचारलंही होतं, "अहो, आपल्याकडच्या समुद्रात सूर्य बुडतो ना?" त्यावर सर म्हणाले होते, "बुडतो तो उगवतोच, उज्ज्वला." वाक्य इतकं भारदस्त होतं की त्यात काही चूक असेल अशी शंका खुद्द सरांनाही आली नाही.

पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर ट्रायपॉड उभा राहिला. समोर अथांग काळं पाणी. सरांनी काच लावली, हातात रिमोट धरला आणि क्षितिजावर नजर रोखली. सहा वाजले. आकाश उजळलं, पण समुद्राच्या बाजूने काही ते तांबूस होईना. सरांच्या मते ढग आडवे आले होते. सात वाजून गेले. लाटा उगाच येत होत्या, जात होत्या.

पोपटराव मागे वाळूत बसले होते. ते जरा चुळबुळले. मग हळूच म्हणाले, "सर, माझी पाठ तापायला लागली."

आयुष्यात मागे वळून पाहण्याचे प्रसंग येतात, पण ते इतके शब्दशः येऊ नयेत. सर वळले. नारळाच्या झाडांच्या वर, डोंगराला हातभर खाली सोडून, सूर्य चांगला वर आला होता. तो मघापासून तिथेच होता.

किनाऱ्यावर फिरायला आलेले एक म्हातारे गृहस्थ थांबले. ट्रायपॉडचा रोख पाहून सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. दुकानाची वेळ सांगावी तसे ते सौम्यपणे म्हणाले, "संध्याकाळी या हो. इकडे तो संध्याकाळी असतो."

आता हे झालं कसं? सरांनी फळ्यावर हजार वेळा भारताचा नकाशा काढला होता. डावीकडे अरबी समुद्र, म्हणजे पश्चिम. झोपेतही चुकले नसते. पण नकाशा भिंतीवर उभा असतो आणि समुद्र जमिनीवर आडवा. शिवाय नकाशात वाळू नसते, पहाट नसते आणि दोनशे चौदा अंगठे नसतात. सरांनी स्वतःशी बरीच कारणमीमांसा केली. उज्ज्वलाबाई काही बोलल्या नाहीत. फक्त डबा उघडून त्यांनी सरांच्या हातात एक थालीपीठ ठेवलं. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

परतीच्या वाटेवर, माळशेजच्या घाटात, पोपटरावांनी तोडगा काढला. "सर, संध्याकाळचा फोटो काढून सकाळचा म्हणून लावू की. सूर्याला काय लेबल असतंय व्हय?"

"पोपटराव," सर बाहेर बघत म्हणाले, "भूगोलात असं चालत नाही."

"मग झालं ते कुणाला सांगायचं नाय. माझ्या तोंडाला कुलूप."

पोपटरावांनी शब्द पाळला. त्यांनी फक्त न्हाव्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुपवर कुणीतरी होकायंत्राचं चित्र टाकलं, खाली 'सरांना सादर अर्पण'. एकाने विचारलं, "सर, पृथ्वी फिरायची दिशा बदलली का? पोरांना काय शिकवू?" हा विचारणारा दहावीला भूगोलात काठावर पास झालेला. सर ग्रुपमधून बाहेर पडले. तेजस्विनी मॅडमनी 'चुकून बाहेर गेलात वाटतं' असं म्हणून त्यांना परत आत घेतलं.

सर दोन दिवस संध्याकाळी फिरायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठले ते निश्चय करूनच. समुद्र नाही तर नाही. जुन्नर तालुक्यात पाणी कमी आहे काय? धरणं तुडुंब भरली आहेत. पश्चिमेच्या काठावर उभं राहावं, पूर्वेला तोंड करावं, समोर पाणी, पाण्यावर सूर्य. दिशा त्यांनी तीन वेळा तपासली, एकदा होकायंत्राने.

"पण धरणावर फोटो काढू देत नाहीत," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

म्हणून सर अर्ज घेऊन धरणाच्या ऑफिसात गेले. टेबलामागे नवनाथ रोकडे बसला होता. तोही माजी विद्यार्थीच; या तालुक्यात सरांना टेबलामागे दुसरं कुणी भेटतच नसे.

"जय भीम, सर! बसा." नवनाथने अर्ज वाचला आणि त्याचा चेहरा लांबला. "सर, विषयात तुम्ही 'समुद्राच्या लाटांचे छायाचित्रण करणेबाबत' लिहिलंय."

"मूळ प्रकल्प तोच आहे."

"हो, पण समुद्र आमच्या उपविभागात येत नाही. आवकमध्ये घेतला तर साहेब विचारतील, समुद्र कुठून आला?"

सरांनी 'समुद्रसदृश लाटा' केलं. दुसऱ्या खेपेला कळलं की 'सदृश' चालेल, पण सदृश आहे की नाही हे स्थळपाहणी करून ठरवावं लागेल, आणि पाहणी करणारे रजेवर आहेत. तिसऱ्या खेपेला नुसतं 'पाणी' लिहिल्यावर जागेचा नकाशा जोडायचं निघालं. सरांनी तिथेच बसून सुबक नकाशा काढला. नवनाथ तो पाहून घुटमळला.

"सर, दिशा दाखवायला लागतील. उत्तर तर हवीच. आणि... म्हणजे नियम म्हणून... पूर्वपण."

सरांनी पूर्व दाखवली. बाण जरा जास्तच जोरात ओढला गेला. कागद फाटला. दुसरा नकाशा काढावा लागला.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. धरणाच्या भिंतीवर व दरवाजांजवळ छायाचित्रणास मनाई आहे. मागील बाजूस, गावांच्या काठावर, या कार्यालयाची हरकत असण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

"म्हणजे परवानगी मिळाली?" सरांनी फोनवर विचारलं.

"परवानगी लागत नाही, सर," नवनाथ म्हणाला. "पण ते आता लेखी आहे."

पोपटरावांनी अनेक वर्षं घाटघरची मुक्कामी एसटी चालवली होती. तिथले जानकू आणि त्यांची बायको अंबाबाई ही त्यांची तेव्हापासूनची ओळख. भात, नाचणी आणि सात म्हशी असा त्यांचा संसार. आदल्या दिवशी तिघं तिथे मुक्कामाला गेली, तांदळाच्या भाकरी खाल्ल्या, आणि उजाडायच्या आत जानकू, अंबाबाई आणि त्यांच्या म्हशींच्या मागून पाण्यावर उतरली.

जागा अशी होती की सरांना आपल्या नशिबाचा संशय आला. समोर लांबवर पाणी, पलीकडे डोंगरांची रांग, आणि तांबडं नेमकं तिथेच फुटत होतं जिथे भूगोलाप्रमाणे फुटायला हवं. सरांनी ट्रायपॉड रोवला. तो डावीकडे खचला. उज्ज्वलाबाईंनी न्याहारीच्या पिशवीतून स्टीलच्या तीन ताटल्या काढून तिन्ही पायांखाली सरकवल्या. "आता हलणार नाही. शंभर पोरांचे पाळणे बांधलेत मी."

सगळं जमलं. मग सरांनी पाण्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले. पाणी परातीतल्यासारखं निवांत. वारा नाही, तरंग नाही.

"काय झालं?" जानकूंनी विचारलं.

"लाट नाही हो. लाटाच नसतील तर त्यांचा धूर कसला होणार?"

जानकूंनी जरा विचार केला. "लाटा आपोआप कशा येतीन? म्हशी घालाव्या लागत्यात."

"या वक्ताला म्हशी पान्यात न्हाई जायच्या," अंबाबाई म्हणाल्या. "दुपारच्या जात्यात त्या. त्यांचं टायम हाय."

सूर्य डोंगराआड येऊन ठेपला होता. पोपटराव एकदम उठले, पायजमा गुडघ्यावर खोचला आणि 'मी जातो पुढं, त्या येतीन मागं' म्हणत पाण्यात शिरले. गार पाणी लागताच त्यांच्या तोंडून जे निघालं ते ऐकून दोन म्हशी उलट घराकडे निघाल्या. शेवटी अंबाबाईंनी हातात पेंडीचा तुकडा घेतला, स्वतः मांडीभर पाण्यात गेल्या आणि हाक मारली, "चंद्रे! ये गं बाय. पावणं आल्यात." सगळ्यांत मोठी म्हैस मान डोलवत निघाली. तिच्या मागे तिची पारडी, मागे उरलेल्या, घराकडे निघालेल्या दोघीसुद्धा. सात म्हशी एकदम पाण्यात उतरल्यावर काय होतं ते सरांनी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. पाणी उसळलं, फेसाळलं, लाटांवर लाटा काठावर आदळू लागल्या. आणि त्याच क्षणी डोंगरामागून सूर्य वर आला.

"आता!" उज्ज्वलाबाई ओरडल्या.

सरांनी बटण दाबलं. दोन मिनिटं. अंबाबाई पेंड टाकून बाजूला झाल्या. म्हशींना एवीतेवी पाण्यात आलोच आहोत हे पटलं असावं. त्या एकेक करून जागच्या जागी बसल्या आणि रवंथ करू लागल्या. पोपटराव मात्र लाटा कमी पडू नयेत म्हणून इकडून तिकडे, तिकडून इकडे पाणी उडवत पळत होते. उज्ज्वलाबाई मोठ्याने आकडे मोजत होत्या. एकशे वीस म्हणताच सरांनी बटण पुन्हा दाबलं.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर चित्र आलं. पाणी पहाटेच्या धुक्यासारखं वितळलं होतं. त्यातून सोन्याची एक वाट थेट काठापर्यंत आली होती. आणि त्या धुक्यातून सात काळे कातळ वर आले होते, ओले, गुळगुळीत, लाटांनी वेढलेले. तोंडं हलत होती म्हणून शिंगं आणि कान पुसले गेले होते. राहिल्या होत्या त्या नुसत्या पाठी.

"अहो," उज्ज्वलाबाई हळूच म्हणाल्या, "हा तर समुद्रच की."

"मी कुठाय?" पोपटराव कुडकुडत विचारत होते. "एवढा पळालो त्यो मी कुठाय?"

दिवाळीची सुट्टी संपल्यावर भूगोल कक्षाचं उद्घाटन झालं. सरांनी फोटोखाली लावायला 'जलाशयावरील सूर्योदय, घाटघर परिसर' असा मजकूर लिहून दिला होता. पण फलक करणाऱ्याकडे 'अरबी समुद्र' छापलेली आधीची निमंत्रणपत्रिका होती. त्याने विचार केला असेल की सरांचं चुकलंय, सरांचं अलीकडे चुकतं. पडदा सरकला तेव्हा फोटोखाली ठसठशीत अक्षरं होती, 'अरबी समुद्रावरील सूर्योदय. छायाचित्र: श्री. चांगदेव भालेराव सर.'

सर खुर्चीतून अर्धे उठले. पण तेवढ्यात सगळा वर्ग 'अहाहा' म्हणाला. मागे उभे असलेले माजी विद्यार्थी, ते होकायंत्रवाले, तेही म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या. सर पुन्हा बसले. नंतर मॅडमना बाजूला घेऊन सांगू, असं त्यांनी ठरवलं. महिनाभर ज्याची चेष्टा झाली त्या माणसाला एवढं एक मिनिट मिळायला काय हरकत होती? मिनिट गोड होतं.

प्रमुख पाहुणे बोलायला उठले. त्यांचा आवाज खणखणीत होता. "मुलांनो, हा समुद्र मी स्वतः पाहिलेला आहे! आणि हे खडक पाहा. लाखो वर्षं लाटांचे तडाखे खात हे अढळ उभे आहेत. या खडकांपासून तुम्ही काय शिकाल?"

दुसऱ्या रांगेत सरांनी मुद्दाम बोलावलेले जानकू आणि अंबाबाई बसले होते. अंबाबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"खडक? आवो पावणं, ती आमची चंद्री हाय!"

मग पंखासुद्धा हसतोय असं वाटावं इतका वर्ग हसला. पाहुण्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. तेजस्विनी मॅडमनी सरांकडे पाहिलं. त्या नजरेत अजूनही विश्वास होता. सरांना तोच जड झाला.

ते उठले आणि फोटोजवळ जाऊन उभे राहिले. हसू थांबेना. एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी टेबलावर दोनदा पट्टी आपटली. वर्ग गप्प.

"अंबाबाई बरोबर बोलतायत," सर म्हणाले. "या म्हशी आहेत. हे धरणाचं पाणी आहे. हा फलक चुकलेला आहे, आणि ते माहीत असून मी आत्ता गप्प बसलो होतो. आपल्या अरबी समुद्रावर सूर्य मावळतो, उगवत नाही. हे मी तुमच्या आधीच्या एकतीस बॅचना शिकवलं. मग एक दिवस समुद्रावर गेलो आणि स्वतः सूर्याकडे पाठ करून तासभर त्याची वाट बघत बसलो."

कुणी हसलं नाही. पोपटराव तोंड दाबून बसले होते. त्यांना न्हावी आठवत असावा.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, धरण व्हायच्या आधी तिथं काय होतं?"

सरांनी तोंड उघडलं. नदीचं उगमस्थान, पाणलोट क्षेत्र, पाणीसाठा, सगळं जिभेवर होतं. पण अंबाबाई रांगेतून पुढे आल्या होत्या. त्या फोटोला नाक लावून बघत होत्या, आणि त्यांचं बोट धुक्यासारख्या पाण्यावरून सावकाश फिरत होतं.

"हितं आमची भाताची खाचरं व्हती," त्या म्हणाल्या. मुलांना नव्हे, फोटोलाच. "चार. हितून वर चढ व्हता. मी लगीन करून आले ती याच वाटनं, हितनं. आन् चंद्री बसलीय ना, तिथं आमचं घर व्हतं. पहिल्या वर्साला पानी आलं तवा सासू उंबऱ्यावर बसून ऱ्हायली, उठंच ना. पाय भिजल्यावर उठली."

सरांनी हातातली पट्टी अंबाबाईंच्या हातात दिली. मग मुलीला जरा सरकायला सांगून ते पहिल्या बाकावर बसले. बाक सातवीच्या मापाचा होता; गुडघे हनुवटीपाशी आले. पाहुणे उभेच होते, तेही बाजूच्या बाकावर टेकले.

अंबाबाई पट्टी घेऊन थोड्या गोंधळल्या. "झालं की. जाऊ का आता?"

भालेराव सरांनी हात वर केला.

"बाई, आणि विहीर? विहीर कुठं होती?"

अंबाबाईंनी पट्टी उचलली, पाण्यावर जरा इकडेतिकडे शोधलं आणि एका काळ्या ठिपक्यावर ठामपणे टेकवली.

"ही काय. ह्या पारडीच्या बुडाखाली."